रस्ट प्रोग्राममध्ये प्रोफाइलिंग: मोजमाप नेमकं कुठे बसवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रस्टमध्ये लिहिलेली एक सेवा मोठमोठ्या लॉग फाइली वाचते, ओळी फोडते, प्रत्येक ग्राहकाच्या नावावर बेरजा करते आणि निकाल डेटाबेसात टाकते. अपेक्षेपेक्षा ती बरीच मंद आहे. वेळ नेमका कुठे जातो ते मोजायचं, म्हणजे प्रोफाइलिंग करायचं आहे. प्रश्न विचारणाऱ्याला सी भाषेतल्या जीप्रॉफची, म्हणजे कोणत्या फंक्शनात किती वेळ गेला ते सांगणाऱ्या साधनाची, सवय आहे. रस्टमध्ये प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला घड्याळ लावून शेवटी फरक छापावा का, की यासाठी वेगळी पद्धत आहे?

माझं मत स्पष्ट आहे: प्रत्येक फंक्शनात घड्याळ घालू नका. फंक्शनांचा हिशेब कोडला हात न लावता बाहेरून काढता येतो, आणि तो जास्त खरा असतो. कोडच्या आत मोजमाप घालायचं ते कामाच्या सीमांवर. एक फाइल वाचून झाली, ओळींचा एक गठ्ठा हातावेगळा झाला, डेटाबेसात एकदा लिहून झालं. अशा जागा मोठ्या प्रोग्रामातही मोजक्याच निघतात, आणि तिथलं मोजमाप कायमचं ठेवून देता येतं.

फंक्शनागणिक घड्याळ का नको, ते आकड्यांत पाहा. इन्स्टंट नाऊ ही रस्टमध्ये घड्याळ पाहण्याची हाक लिनक्सवर कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, न शिरता व्हीडीएसओमार्फत (कर्नलने प्रोग्रामच्या मेमरीत ठेवलेला छोटा कोड) वेळ आणते, त्यामुळे ती स्वस्त आहे. आजच्या प्रोसेसरवर साधारण २० ते २५ नॅनोसेकंद. आता ५ नॅनोसेकंदांत संपणारं एक छोटं फंक्शन घ्या, जे दहा कोटी वेळा बोलावलं जातं. त्याचा खरा खर्च अर्धा सेकंद. त्याच्या आधी आणि नंतर घड्याळ पाहिलं की वर चार ते पाच सेकंदांची भर पडते. म्हणजे मोजायला गेलात अर्धा सेकंद आणि मोजलंत घड्याळच. शिवाय कंपायलर एरवी ते फंक्शन आजूबाजूच्या कोडमध्ये मिसळून टाकतो, सूचनांची जागा बदलतो, एकाच वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या सूचना वापरतो. मध्ये घड्याळाची हाक आली की त्यातलं बरंच थांबतं, आणि तुम्ही ज्या प्रोग्रामचं मोजमाप घेता तो प्रत्यक्षात चालणारा प्रोग्राम राहत नाही. काही व्हर्च्युअल मशीनवर तर प्रोसेसरचा वेळ-गणक वापरता येत नाही, दर वेळी खरोखरच कर्नलमध्ये जावं लागतं, आणि मग हा खर्च कितीतरी वाढतो.

जीप्रॉफचंही असंच आहे. ग्रॅहम, केसलर आणि मॅक्यूसिक यांनी बर्कलीत ते तयार केलं, १९८२ साली त्यावरचा शोधनिबंध आला, आणि त्या काळासाठी ते फार मोलाचं काम होतं. कंपायलर प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला एक छोटी हाक घालतो आणि तिच्यातून कोणी कोणाला किती वेळा बोलावलं ते मोजलं जातं. वेळ मात्र जीप्रॉफ नमुने घेऊन, म्हणजे मधूनमधून प्रोग्राम कुठे आहे ते पाहून, ठरवतो. मग फंक्शनचा वेळ त्याला बोलावणाऱ्यांत वाटताना बोलावण्याच्या संख्येच्या प्रमाणात वाटतो. इथेच गोची आहे. ओळ फोडणारं फंक्शन एका ठिकाणाहून हजार छोट्या ओळींसाठी बोलावलं आणि दुसरीकडून दहा अवाढव्य ओळींसाठी, तर सगळं खापर पहिल्याच्या माथी फुटतं. रस्टच्या स्थिर कंपायलरमध्ये तसा पर्यायही नाही, आणि त्याची उणीव भासायचं कारण नाही.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीने करा. रिलीज बिल्ड टाइम या कमांडमागे चालवा आणि तीन आकडे पाहा: घड्याळी वेळ, प्रोग्रामने प्रोसेसरवर घालवलेला वेळ, आणि त्याच्या वतीने कर्नलने घालवलेला वेळ. शेवटच्या दोघांची बेरीज पहिल्याच्या जवळ असेल, तर एकथ्रेडी (एका वेळी एकच काम चालवणारा) प्रोग्राम खरोखर कष्ट करतोय. ती बेरीज फारच कमी असेल, तर तो कशाची तरी वाट पाहत बसलाय: डिस्क, नेटवर्क, किंवा दुसऱ्या थ्रेडने धरलेलं लॉक. अनेक थ्रेड असतील तर ही बेरीज घड्याळी वेळेपेक्षा जास्तही येते. तेव्हा किती कोअर कामात असायला हवे होते त्याच्याशी ताडून पाहा. मिनिटभरात होणारी ही तपासणी लोक सर्रास टाळतात. वाट पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये हॅशिंग सुधारत बसणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

प्रोग्राम कष्ट करतोय असं दिसलं, तर पुढची पायरी नमुने घेण्याची, म्हणजे सॅम्पलिंगची. लिनक्सवर त्यासाठी पर्फ आहे. २००९ साली कर्नल २.६.३१ मध्ये त्याचा पाया आला. ठरावीक अंतराने तो प्रोग्रामला क्षणभर थांबवतो, स्टॅकवर, म्हणजे एकमेकांना बोलावत चाललेल्या फंक्शनांच्या साखळीत, कोण कोण आहे ते टिपतो आणि सोडून देतो. पण त्याआधी बिल्डमध्ये दोन गोष्टी करायला हव्यात, नाहीतर हाती नुसते हेक्साडेसिमल पत्ते येतील.

पहिली गोष्ट, डीबग माहिती, म्हणजे यंत्रसूचनांना फंक्शनांची नावं आणि कोडच्या ओळींशी जोडणारी नोंद. कार्गो या रस्टच्या बिल्ड साधनाची रिलीज प्रोफाइल (बिल्डच्या सेटिंगचा संच) ही माहिती बिल्डमध्ये घालत नाही. कार्गोच्या टॉमल फाइलमध्ये प्रोफाइलिंग नावाची वेगळी प्रोफाइल करा, ती रिलीजकडून वारसा घेईल असं सांगा, आणि डीबगची किंमत निदान लाइन टेबल्सपुरती ठेवा. स्ट्रिप, म्हणजे ही माहिती काढून टाकणारा पर्याय, चालू असेल तर इथे बंद करा. स्वतःच्या नावाच्या प्रोफाइल २०२१ च्या अखेरीपासून स्थिर कार्गोत आहेत. या माहितीने फाइल फुगते, पण प्रोग्राम मंदावत नाही. ऑप्टिमायझेशन जसंच्या तसं राहतं. मी तर ही माहिती प्रत्यक्ष वापरातल्या बिल्डमध्येही ठेवतो. एक बारकावा: वर्कस्पेसमध्ये अनेक क्रेट (रस्टची पॅकेजं) असतील तर प्रोफाइलची नोंद मुळाच्या टॉमल फाइलमध्येच हवी. आतल्या क्रेटच्या फाइलमध्ये लिहिलेली प्रोफाइल कार्गो बाजूला टाकतो, आणि इशाऱ्याची एक ओळ डोळ्यांखालून निसटली की माणूस तासभर चाचपडत बसतो.

दुसरी गोष्ट, फ्रेम पॉइंटर, म्हणजे प्रत्येक फंक्शनपासून त्याला बोलावणाऱ्याकडे नेणारा पत्ता. स्टॅक वर वर चढत जायला पर्फला धागा लागतो. तो नसेल तर पर्फला ड्वार्फ पद्धतीने, म्हणजे डीबग माहितीच्या आधारे, चालायला सांगता येतं, पण मग प्रत्येक नमुन्यामागे तो स्टॅकचे ८१९२ बाइट उचलून ठेवतो. सेकंदाला ४००० नमुने म्हटले तर एका कोअरमागे दर सेकंदाला ३२ मेगाबाइटहून अधिक. शिवाय स्टॅक त्याहून खोल असला की वरची फंक्शनं कापली जातात. त्यापेक्षा रस्ट कंपायलरला फोर्स फ्रेम पॉइंटर्स हा पर्याय द्या. प्रोसेसरचं एक रजिस्टर अडकून पडतं आणि बहुतेक कामांत एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो. मला तो सौदा मान्य आहे. लिनक्सच्या वितरणांपैकी फेडोराने २०२३ मध्ये ३८ व्या आवृत्तीपासून आणि उबुंटूने २४.०४ पासून जवळपास सगळी पॅकेजं अशीच बांधायला घेतली, आणि त्यामागचं कारण हेच की चालू यंत्रावर पाहिजे तेव्हा स्टॅक वाचता यावा.

नमुन्यांचा वेग सेकंदाला १०० न ठेवता ९९ किंवा ९९७ ठेवतात. प्रोग्रामात किंवा कर्नलमध्ये काही गोष्टी ठरावीक ठोक्याला घडतात. नमुनेही त्याच ठोक्याला घेतले तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडेल किंवा कधीच सापडणार नाही. नमुने किती हवेत याचाही अंदाज हवा. एक कोअर पूर्ण व्यग्र असताना ९९ च्या वेगाने ३० सेकंद मोजलंत तर जवळपास २९७० नमुने मिळतात. त्यात एक टक्का वेळ खाणाऱ्या फंक्शनच्या वाट्याला साधारण ३० नमुने, आणि निव्वळ योगायोगाने त्यात पाच-सहांचा फरक सहज पडतो. म्हणून एक टक्का आणि सव्वा टक्का यांची तुलना करण्यात अर्थ नाही. ती करायचीच असेल तर जास्त वेळ मोजा.

मिळालेली माहिती फ्लेम ग्राफमध्ये, म्हणजे फंक्शनांच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या चित्रात, पाहा. ब्रेंडन ग्रेगने २०११ मध्ये ही मांडणी काढली. रस्टसाठी कार्गो फ्लेमग्राफ हे साधन सगळं एका कमांडमध्ये करतं, आणि सॅम्पली हे साधन तोच निकाल फायरफॉक्स प्रोफाइलरच्या पडद्यावर दाखवतं. वाचताना एक चूक हमखास होते: डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो असं वाटतं. तसं नाही. एकसारखे स्टॅक शेजारी येऊन जोडले जावेत म्हणून नावं अकारविल्हे लावलेली असतात. रुंदी म्हणजे नमुन्यांचा वाटा, बस. आणि वर दुसरं काही न ठेवलेली रुंद पट्टी म्हणजे त्या फंक्शनचा स्वतःचा खर्च. तिथे घोडं पेंड खातंय.

तुमच्या प्रोग्राममध्ये काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो, कारण लॉग वाचणाऱ्या रस्ट प्रोग्रामांचा घाट ठरलेला असतो. एक रुंद पट्टी मेमरी मागणाऱ्या आणि सोडणाऱ्या फंक्शनांची असेल. ओळी देणारी लाइन्स ही पद्धत प्रत्येक ओळीसाठी नवी स्ट्रिंग तयार करते. तिच्याऐवजी एकच स्ट्रिंग रिकामी करून रीड लाइनला पुन्हा पुन्हा द्या. तरीही पट्टी उरली, तर हॅशमॅपकडे, म्हणजे नावावरून बेरीज शोधून देणाऱ्या नकाशाकडे, बघा. ग्राहकाचं नाव एंट्री या पद्धतीला देताना तिला स्वतःच्या मालकीची स्ट्रिंग लागते, म्हणून लोक तिथेच टू स्ट्रिंग लावून प्रत बनवतात. ग्राहक मोजके आणि ओळी कोट्यवधी असतील, तर नाव आधीपासून नकाशात असतानाही दर ओळीला एक प्रत बनते आणि लगेच फेकली जाते. आधी गेट म्यूटने शोधा, सापडलं नाही तरच प्रत बनवून घाला. मेमरीचा हा हिशेब जास्त नेमका हवा असेल तर डीहॅट हे साधन वापरा. कोणत्या ओळीवर किती वेळा, किती बाइट मागितले आणि ते किती काळ जगले, हे तो सांगतो.

दुसरी पट्टी सिपहॅशची, म्हणजे किल्लीवरून तिची जागा ठरवणारा आकडा (हॅश) काढण्याच्या पद्धतीची, असेल. रस्टचा हॅशमॅप मुद्दाम तो वापरतो, कारण बाहेरच्याने ठरवून सारख्या हॅशच्या किल्ल्या पाठवल्या तरी सेवा कोलमडू नये. किल्ल्या तुमच्याच विश्वासाच्या असतील तर एफएक्स हॅश किंवा ए-हॅश यांसारखी जलद पद्धत घ्या. पण लॉगमधली ग्राहकांची नावं बाहेरून येत असतील, तर एफएक्स हॅशने संरक्षण जातं हे लक्षात ठेवा. तिसरी, अरुंद पट्टी यूटीएफ-८ तपासणीची, म्हणजे बाइट वैध मजकूर आहेत का ते पाहण्याची. ती फार सतावत असेल तर रीड अंटिल वापरून बाइटांवरच काम करा. आणि दर ओळीला प्रिंटलाइन असेल तर तो आधी काढा. तो प्रत्येक वेळी आउटपुटचं लॉक घेतो.

नावांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कंपायलर छोटी फंक्शनं मोठ्यांत विरघळवतो. डीबग माहिती असेल तर पर्फ ती बरीचशी पुन्हा वेगळी करून दाखवतो; नसेल तर सगळा वेळ बाहेरच्या फंक्शनच्या नावावर पडतो आणि चोर सोडून संन्याशाला फाशी होते. सूचनांच्या पातळीवर उतरलात तर आणखी एक गंमत दिसते: नमुना घेणारा व्यत्यय पोचेपर्यंत प्रोसेसर पुढे सरकलेला असतो, म्हणून दोष खऱ्या दोषी सूचनेच्या एक-दोन ओळी खाली उमटतो. नेमकी सूचना टिपणारी इंटेलमधील पेब्स आणि एएमडीमधील आयबीएस ही सोय त्यासाठीच आहे.

आता कोडच्या आतल्या कायमच्या मोजमापाकडे येतो. याचा मला सर्वात आवडता नमुना म्हणजे रस्टचा स्वतःचा कंपायलर. तो रस्टमध्येच लिहिलेला आहे, आणि नाइटली या प्रायोगिक आवृत्तीत सेल्फ प्रोफाइल हा पर्याय दिला की तो स्वतःची मोजदाद करतो. कुठे मोजायचं याची त्यांनी केलेली निवड पाहण्यासारखी आहे. कंपायलरचं काम क्वेरींमध्ये वाटलेलं आहे: या फंक्शनचे टाइप तपास, त्याचा मधला कोड दे. घड्याळ क्वेरीवर लावलंय, आतल्या सटरफटर फंक्शनांवर नाही. क्वेरीचं उत्तर आधीच तयार होतं, फक्त उचलून दिलं, ही घटना अफाट वेळा घडते. म्हणून तिची नोंद मुळात बंद ठेवलीय, मुद्दाम मागितली तरच चालू होते. एक थ्रेड दुसऱ्याच्या उत्तरासाठी खोळंबला, तर तो वेळ वेगळ्या प्रकारच्या घटनेत जातो. प्रत्येक घटना २४ बाइटांत बसते आणि नावं वेगळ्या तक्त्यात एकदाच लिहिली जातात. मोजमाप बंद असताना फक्त एक बिट तपासला जातो आणि बाकीचा कोड मुख्य वाटेपासून दूर ठेवलेला असतो. इतकी काळजी घेतली की मोजमाप नेहमीसाठी प्रोग्राममध्ये राहू शकतं.

तुम्हाला हे सगळं हाताने लिहायची गरज नाही. ट्रेसिंग हे क्रेट घ्या. वाचणं, फोडणं, बेरीज, लिहिणं या चार टप्प्यांना चार स्पॅन (टप्प्याची सुरुवात आणि शेवट टिपणाऱ्या नोंदी) द्या, गठ्ठ्याला एकदा, ओळीला नव्हे. ट्रेसिंग क्रोम हे क्रेट जोडलं की त्याची फाइल परफेट्टो या ट्रेस पाहण्याच्या साधनात उघडून कोणत्या थ्रेडवर कोणता टप्पा कधी चालला ते काळाच्या पट्टीवर दिसतं, जे फ्लेम ग्राफ कधीच दाखवत नाही. गेमसारखा दर चौकटीला वेळ सांभाळायचा प्रोग्राम असता तर मी ट्रेसी हे साधन सुचवलं असतं.

इथे रस्टचे काही खड्डे आहेत, ते नीट पाहा. स्पॅन किंवा स्वतःचा घड्याळी गार्ड (घड्याळ धरून ठेवणारी वस्तू) स्कोप, म्हणजे कोडचा तो कंस, संपताना ड्रॉपमध्ये, म्हणजे वस्तू नष्ट होताना चालणाऱ्या कोडमध्ये, वेळ नोंदवतो, त्यामुळे चूक आली की लवकर परतवणाऱ्या प्रश्नचिन्हाने मधूनच बाहेर पडलात तरी नोंद होते. ही फार सोयीची गोष्ट आहे. पण गार्ड लेट नंतर नुसत्या अंडरस्कोअरला दिलात, तर तो त्याच ओळीवर मरतो आणि तुमचा टप्पा शून्य वेळेत संपल्यासारखा दिसतो. अंडरस्कोअरपुढे एखादं नाव लावा, मग तो स्कोपच्या शेवटपर्यंत जगतो. हा फरक एका शब्दाचा आहे आणि कंपायलर त्यावर नेहमी ओरडत नाही.

इन्स्ट्रुमेंट हे ॲट्रिब्यूट फंक्शनावर लावलं की ते सगळे आर्ग्युमेंट डीबग रूपात टिपतं. आर्ग्युमेंट म्हणून दहा हजार ओळींचा व्हेक्टर असेल तर त्याची स्ट्रिंग बनवण्यातच वेळ जाईल. स्किप ऑल द्या आणि हवी ती एक-दोन फील्ड, उदाहरणार्थ गठ्ठ्यातल्या ओळींची संख्या, स्वतः लिहा. असिंक कोडमध्ये, म्हणजे जिथे काम वाट पाहताना आपला थ्रेड दुसऱ्या कामाला देतं, स्पॅनमध्ये शिरल्याचा गार्ड हातात धरून अवेट करू नका. काम थांबून त्याच थ्रेडवर दुसरं काम आलं की त्याचा वेळही तुमच्या स्पॅनमध्ये मिसळतो. तिथे इन्स्ट्रुमेंट वापरा. आणि प्रोसेस एग्झिटने प्रोग्राम संपवत असाल तर ड्रॉप चालतच नाहीत. ट्रेसचा शेवटचा भाग, जो अनेकदा सर्वात महत्त्वाचा असतो, बफरमध्येच राहून जातो.

टप्प्यांच्या नोंदीत सरासरी ठेवू नका, हिस्टोग्राम ठेवा. डेटाबेसात लिहिण्याची सरासरी ४ मिलिसेकंद दिसत असताना हजारातलं एक लिखाण अर्धा सेकंद घेत असेल, तर मागचे सगळे गठ्ठे त्याच्यामागे तुंबतात.

वाट पाहण्याचा मुद्दा वर राहिला होता. नेहमीचा पर्फ फक्त प्रोसेसरवर असलेल्या क्षणांचे नमुने घेतो. झोपलेला थ्रेड त्याला दिसत नाही. म्हणून तुमच्या सेवेचा अर्धा वेळ डेटाबेसच्या उत्तरासाठी जात असला तरी फ्लेम ग्राफ निर्धास्तपणे सिपहॅशकडे बोट दाखवेल. वरचे चार स्पॅन हे उघड करतात: लिहिण्याचा स्पॅन लांब आणि त्या वेळात नमुने नाहीत, म्हणजे ती वाट पाहणंच. अधिक खोलात जायचं तर ईबीपीएफवर (कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम चालवण्याची सोय) चालणारं ऑफ-सीपीयू-टाइम हे साधन थ्रेड कोणत्या स्टॅकवर झोपला आणि किती वेळ झोपला ते देतं. तुमच्या वर्णनावरून मला पहिला संशय इथेच आहे. दर ओळीला वेगळा इन्सर्ट जात असेल तर गठ्ठ्याने पाठवा आणि मगच बाकीचं बघा.

सुधारणा केली की ती खरी आहे का, हे तपासायला हायपरफाइन या वेळ मोजणाऱ्या साधनाने जुना आणि नवा बिल्ड अनेकदा चालवून ताडून पाहा. एखाद्या फंक्शनापुरतं पाहायचं असेल तर क्रायटेरियन हे क्रेट वापरा, आणि उत्तर ब्लॅक बॉक्स या फंक्शनमधून जाऊ द्या, नाहीतर वापरात नसलेलं गणित कंपायलर साफ उडवून टाकेल. दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर लगेच आनंद मानू नका. २००९ मध्ये मिटकोविच, दिवाण, हाउसविर्थ आणि स्वीनी या संशोधकांनी दाखवून दिलं की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा आकार किंवा ऑब्जेक्ट फाइली जोडण्याचा क्रम बदलला तरी मोजलेला वेग हलतो. सीआयवरच्या, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणाऱ्या, यंत्रात वेळ फार डगमगतो, म्हणून तिथे कॉलग्राइंड या साधनाने सूचनांची संख्या मोजणं बरं. रस्ट कंपायलरच्या गतीवर लक्ष ठेवणारी मंडळीही मुख्यतः सूचनाच मोजतात. कॅशमधून निसटणाऱ्या वाचनांचा खर्च त्या संख्येत नीट उतरत नाही, तेवढी जाण ठेवा.

शेवटचा अडसर परवानग्यांचा. सेवा डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणारी सोय) असेल तर त्याचं मूळ सेककॉम्प धोरण, म्हणजे कोणत्या कर्नल हाका चालतील याचे नियम, पर्फची कर्नल हाक अडवतं, आणि पर्फ कोणाला वापरता येईल ते ठरवणारी पर्फ इव्हेंट पॅरानॉइड ही किंमत उबुंटूवर मूळ कर्नलपेक्षा कडक असते. पूर्ण रूट देण्याऐवजी कॅप पर्फमॉन ही मर्यादित परवानगी द्या. ती लिनक्स ५.८ पासून आहे. क्लाउडच्या यंत्रावर प्रोसेसरचे हार्डवेअर गणक दिसत नसतील तर पर्फला सीपीयू क्लॉक ही घटना वापरायला सांगा. फ्लेम ग्राफ त्यावरही व्यवस्थित निघतो. कॅश आणि शाखांचे आकडे तेवढे मिळणार नाहीत.